पासिंग किती?

बिलोलीहून नरसीकडे किंवा येसगीच्या पुलाकडे जाणारी कुठलीही पिकअप घ्या. डाव्या अंगाला, हौद्याच्या खालच्या पट्टीवर पेंटरने रंगवलेल्या दोन ओळी असतात. वर यू.एल.डब्ल्यू., खाली जी.व्ही.डब्ल्यू. पेंटर जुना असेल तर खालच्या ओळीत आर.एल.डब्ल्यू. लिहितो. पहिला आकडा रिकाम्या गाडीचा, दुसरा भरल्या गाडीचा, आणि दोहोंची वजाबाकी म्हणजे बोलीतलं पासिंग. मालकाला विचारा, 'पासिंग किती?' तो आकडा सांगतो आणि त्याच दमात म्हणतो, 'पण ओढते दुप्पट.'

त्याचं काही चुकत नाही. गाडी खरंच दुप्पट ओढते. मग तो आकडा नेमकं काय मोजतो? कोणी ठरवला, कशाच्या धाकाने ठरवला? हे शोधायला निघालं की वाट थेट बैलाच्या खांद्यापर्यंत मागे जाते.

मोटार येण्याआधी इकडचा माल बैलगाडीने जायचा. 1900 च्या सुमारास मनमाड ते सिकंदराबाद ही रेल्वे गोदावरीच्या खोऱ्यातून सुरू झाली, तेव्हापासून बिलोली भागाला जवळचं स्टेशन म्हणजे धर्माबाद. गाडीत किती घालायचं हे कुठे लिहिलेलं नव्हतं. मण, पल्ला, खंडी ही मापं मालाची, गाडीची नव्हेत. गाडीची मर्यादा बैलात होती. बैल साधारण आपल्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याएवढी ओढ दिवसभर धरतो. याच जिल्ह्यातल्या कंधारची लाल कंधारी जात घेतली आणि बैल चारशे-साडेचारशे किलोंचा धरला, तर जोडीची ओढ भरते 80 ते 90 किलो. ताशी तीन किलोमीटरच्या चालीने ही जोडी जेमतेम एका अश्वशक्तीला टेकते.

मग एवढ्याशा ओढीवर हजार किलो कसे हलतात? चाकाला वजन उचलायचं नसतं, नुसतं लोळवायचं असतं. कठीण सडकेवर एकूण वजनाच्या दोन-तीन टक्के ओढ पुरते. कच्च्या गाडवाटेवर सात-आठ टक्के लागते, आणि नदीच्या मोकळ्या रेतीत पंधरा-वीस टक्क्यांच्याही वर. सडकेवर तीन हजार किलो हलवू शकणारी जोडी मांजरा नदीच्या पात्रात पाचशेला अडते, ती यामुळे. त्यात चढ आला तर दहाला एक या मानाच्या चढावर वजनाच्या आणखी दहा टक्के ओढ वाढते. म्हणजे 'किती ओढते' या प्रश्नाला एकच एक उत्तर तेव्हाही नव्हतं. वाट कोणती हे आधी विचारावं लागायचं.

गाडीवानाला टक्के ठाऊक नव्हते. पण त्याहून बारीक एक गोष्ट ठाऊक होती. माल मागे सरकला की गाडी उलाळ होते. धूर वर उठते, जू मानेवरून उचललं जातं, गळ्याखालची जोती बैलाला काचतात. माल फार पुढे आला तर सगळं ओझं खांद्यावर बसतं आणि बैल चार कोसांत थकतो. म्हणून गाडी भरून झाली की तो जू हाताने उचलून अंदाज घ्यायचा. वाटेत चढ लागला की स्वतः पुढे धुरेवर सरकायचा, उतारावर मागे जायचा. आज मोटारीमागे ट्रेलर जोडणाऱ्याला अमेरिकेतली माहितीपुस्तकं सांगतात की ट्रेलरच्या एकूण वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार हुकावर यावा, त्याहून कमी असेल तर ट्रेलर वेगात झोकांड्या खातो, जास्त असेल तर गाडीचं मागचं अंग दबून पुढची चाकं हलकी पडतात. जू उचलून पाहणारा गाडीवान हेच मोजत होता.

बैलाच्या ओझ्यालाही कायद्याचा आकडा आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं. 1960 च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्याखाली केंद्र सरकारने 1965 साली ओढकामाच्या जनावरांसाठी नियम केले. त्यांत बैलाचे लहान, मध्यम, मोठा असे तीन वर्ग आहेत. मोठ्या बैलाच्या दोन चाकी गाडीला साध्या चाकावर 900 किलो, हवेच्या टायरवर 1,350 आणि बॉलबेअरिंग असेल तर 1,800. बैल तोच, पण आसाजवळचं घर्षण कमी झालं की कायदा दुप्पट वजनाला मान्यता देतो. पुढे आणखी एक कलम आहे. किलोमीटरभर किंवा त्याहून लांब चढ असेल आणि तो तीस मीटरला तीन मीटरहून अधिक असेल, तर हाच आकडा निम्मा धरायचा. ज्याने कोणी हा मसुदा केला त्याने गाडी हाकलेली असावी, किंवा हाकणाऱ्याला विचारलेलं तरी असावं. दिल्लीत लिहिलेल्या नियमांबद्दल असं म्हणायची वेळ क्वचित येते.

बैलाची एक सोय इंजिनात नाही. ओझं जास्त झालं की बैल बसतो. इंजिन बसत नाही. ते घरघरतं, तापतं, काळा धूर टाकतं आणि ओढतच राहतं. त्यामुळे यंत्र आल्यावर मर्यादा कोणीतरी बाहेरून सांगणं भाग पडलं, आणि सांगणारा बहुतेक वेळा विकणाराच होता.

जेम्स वॉटने वाफेच्या इंजिनाचा जोर घोड्यांत सांगायला सुरुवात केली आणि मिनिटाला 33,000 फूट-पौंड हा भाव बांधून दिला, तो इंजिनं विकण्यासाठीच. विक्रेत्याच्या आकड्यावर पहिला खणखणीत संशय घेतला तो अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यातल्या एका शेतकऱ्याने. विल्मॉट क्रोझियर त्याचं नाव. त्याने मिनियापोलिसच्या फोर्ड ट्रॅक्टर कंपनीचा ट्रॅक्टर घेतला. या कंपनीचा हेन्री फोर्डशी संबंध नव्हता, नुसतं नाव वापरलेलं. तो ट्रॅक्टर जाहिरातीतलं काम करीना. पुढे घेतलेला रुमेली कंपनीचा ट्रॅक्टर मात्र सांगितलेल्या तीन नांगरांऐवजी पाच ओढायला लागला. दोन्ही आकडे खोटे, एक वरून, एक खालून. क्रोझियर विधिमंडळात निवडून गेला आणि 1919 साली नेब्रास्काने कायदा केला की राज्यात विकायचा ट्रॅक्टर आधी विद्यापीठाच्या चाचणीतून गेला पाहिजे. 1920 मध्ये पहिला उतरला तो वॉटरलू बॉय. पट्ट्यावरची ताकद वेगळी आणि मागच्या दांड्यावरची प्रत्यक्ष ओढ वेगळी, हा फरक त्या चाचण्यांनी कागदावर पक्का केला. इंजिन चाळीस अश्वशक्तीचं असलं तरी चाक मातीत फिरलं तर मागे त्यातलं किती पोचणार?

आपल्याकडे हे काम मध्य प्रदेशातल्या बुदनीच्या केंद्राकडे आलं. 1955 साली प्रशिक्षणासाठी सुरू झालेली ही संस्था पुढे ट्रॅक्टरच्या चाचण्या करू लागली. तिथल्या अहवालात मागच्या दांड्याची, म्हणजे ड्रॉबारची, ओढ किलोपर्यंत मोजलेली असते. दुकानात मात्र विचारतात, 'किती एचपीचा?' मराठवाड्यात ट्रॅक्टरची ओळख अजून एचपीवरच होते. ड्रॉबारचा आकडा विचारणारं गिऱ्हाईक आलं तर दुकानदार त्याला आधी खुर्ची देईल आणि मग कोणत्या खात्याकडून आलात विचारेल.

पिकअपचा वंश याहून वेगळा, तो फौजेतून येतो. दुसऱ्या महायुद्धातली विलिस जीप कागदोपत्री जीप नव्हतीच. ती होती पाव टनी ट्रक. तिच्या पुस्तकात दोन आकडे वेगवेगळे दिले होते, अंगावर 800 पौंड आणि मागे ट्रेलरला 1,000 पौंड. म्हणजे साधारण 363 आणि 454 किलो. वाहणं आणि ओढणं या दोन गोष्टी आहेत, एकीचा आकडा दुसरीला लागू नाही, हे त्या दोन आकड्यांवरून कुठल्याही शिपायाला कळत होतं. 1947 मध्ये महिंद्रांनी मुंबईत या जीपची जुळणी सुरू केली आणि आपल्याकडच्या जीपांची, पुढे मालवाहू जीपांची पिढी तिथून निघाली. पण गंमत अशी की भारतात येताना दोन आकड्यांमधला दुसरा हळूहळू गळाला. इथे ट्रेलर ओढायचं काम ट्रॅक्टरने घेतलं, पिकअपकडे फक्त वाहणं राहिलं. आज बाजारातल्या पिकअपच्या माहितीपत्रकात पेलोड मोठ्या अक्षरात असतो. ती मागे किती ओढेल, हा रकाना सहसा नसतोच.

या वंशावळीतलं एक ठिकाण बिलोलीला जवळचं आहे. 1980 च्या दशकात जपानी कंपन्यांच्या भागीदारीने हलक्या मालगाड्यांचे कारखाने निघाले, त्यातला ऑल्विन निस्सानचा कारखाना झहीराबादला होता, मांजरेच्याच खोऱ्यात. 1989 मध्ये तो महिंद्रांकडे गेला. त्याच दशकात टाटांची 407 आली, 1986 साली, आणि पाठोपाठ टाटा मोबाईल. 2005 मध्ये आलेल्या टाटा एसला लोकांनी छोटा हाथी केलं. पाऊण टनाच्या गाडीला हाथी म्हणायचं आणि मग हाथीएवढं भरायचं, हे ओघानेच आलं.

कायद्याने मात्र आकड्याचा प्रश्नच बदलून टाकला. 1939 च्या मोटार वाहन कायद्यात नोंदलेलं भरलं वजन होतं, आर.एल.डब्ल्यू. 1988 च्या कायद्यात ते जी.व्ही.डब्ल्यू. झालं. इकडे गाडी काय ओढू शकते यापेक्षा रस्ता काय सोसू शकतो हा विचार वरचढ ठरला. दोन आसांच्या ट्रकला बरीच वर्षं 16.2 टनांची हद्द होती. हा आकडा कुठल्याही इंजिनातून आलेला नाही. पुढच्या आसाला 6 टन, मागच्या चार टायरच्या आसाला 10.2 टन, बेरीज 16.2. ट्रक टाटांचा असो की लेलँडचा, दोनशे घोड्यांचा असो की शंभर, फरक नाही.

यामागे एक मोठा प्रयोग आहे. 1958 ते 1960 या काळात अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या ओटावा गावाजवळ मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर भरलेले ट्रक रात्रंदिवस फिरवले गेले. निष्कर्ष असा निघाला की रस्त्याची झीज आसावरच्या वजनाच्या साधारण चौथ्या घाताने वाढते. वजन दुप्पट केलं तर झीज दुप्पट होत नाही, सोळा पट होते. जुलै 2018 मध्ये केंद्राने मागच्या आसाची हद्द 10.2 वरून 11.5 टन केली, पुढच्याचीही वाढवली, त्यामुळे दोन आसांचा ट्रक 18.5 टनांवर आणि तीन आसांचा 25 वरून 28.5 टनांवर गेला. मागच्या आसावर वाढ दिसते जेमतेम तेरा टक्के. चौथ्या घाताचा हिशेब लावला तर झीज साठ टक्क्यांनी वाढते. वाहतूकदार खूश झाले, आणि रस्त्याला कोणी विचारत नसतं.

त्याआधी काही राज्यांनी शोधलेला मार्ग तर आणखी सोपा होता. ठरावीक रक्कम भरा, कार्ड घ्या आणि जादा माल भरून खुशाल चला. परमजीत भसीन यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2005 साली हे बंद पाडलं, कारण हद्द केंद्रीय कायद्याची आणि राज्याला ती विकायचा अधिकार नाही. 2019 च्या दुरुस्तीने दंड 2,000 रुपयांवरून 20,000 झाला, वर जादा प्रत्येक टनाला 2,000.

बिलोलीत या सगळ्याला एक खास स्थानिक पेच आहे, तो रेतीमुळे. मांजरेची तांबूस रेती हैदराबादपर्यंत नावाजलेली. सगरोळी, येसगी भागातले घाट त्यासाठी प्रसिद्ध आहेत. रेती तहसीलमध्ये ब्रासने मोजली जाते. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट, 2.83 घनमीटर. आरटीओ मोजतं किलोने. महसूल खात्याच्या पावतीवर आकारमान आणि गाडीच्या पट्टीवर वजन, आणि या दोन्ही आकड्यांची एकमेकांशी गाठ घालून द्यायला कोणीच बसलेलं नाही. कोरडी रेती घनमीटरला दीड-पावणेदोन टनांच्या दरम्यान, म्हणजे ब्रास साडेचार टनांच्या आगेमागे. पात्रातून ओली भरली तर आणखी जड. आता हिशेब करा. 16.2 टनांच्या जुन्या टिप्परचं रिकामं वजन सहा-साडेसहा टन धरलं तर त्यात कायदेशीर बसते दोन ब्रास. हौदा मात्र त्याहून मोठा असतो, आणि हौदा अर्धा रिकामा ठेवून हैदराबादला जायचं कोणाच्याही जिवावर येतं. चार ब्रास भरली तर अठरा टन माल आणि वर गाडी, म्हणजे चोवीस. पावती चार ब्रासची असली तर महसुलाच्या दृष्टीने गाडी स्वच्छ. त्याच गाडीला आरटीओने काट्यावर घेतलं तर ती आठ टन ओव्हरलोड. 1956 च्या भाषावार फेररचनेनंतर नदी राज्याची हद्द झाली, त्यामुळे पूल ओलांडला की तोच हिशेब दुसऱ्या राज्याच्या नाक्यावर पुन्हा.

आणि ट्रॅक्टर-ट्रॉली? एका ब्रासची ट्रॉली रेतीचे साडेचार आणि स्वतःचे दीड धरून सहा टनांची होते. पुढचा ट्रॅक्टर दोन टनांचा. पात्रातून काठावर चढताना चालक खालच्या गिअरला हळूहळू घेतो आणि चढते. ओढण्याची परीक्षा तिथे संपते. खरी परीक्षा उताराची. ट्रॉलीला बहुधा स्वतःचे ब्रेक नसतात. दोन टनांच्या ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांना आठ टन थांबवायचे असतात, आणि ट्रॉली मागून ढकलत असते. हूक सरळ रेषेत नसेल तर ट्रॅक्टर आडवा फिरतो, ट्रॉली पलटी होते. चढावर हुकाचा भार वाढला तर ट्रॅक्टरचं तोंड उचलतं. बैलगाडीत उलाळ झाली तर नुकसान जोत्याचं आणि मानेचं, इथे चालक खाली सापडतो. उसाच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्या जोडून कारखान्याकडे निघालेलं ट्रॅक्टरचं हेड पाहिलं की मला त्याच्या एचपीबद्दल काही विचारावंसं वाटत नाही.

बैलाच्या काळात प्रश्न होता ओढेल का. इंजिन एवढं पोसलं गेलंय की तो प्रश्न केव्हाच निकालात निघाला. आता अडतं ते थांबवताना, आणि आकडा अजून ओढीच्याच भाषेत बोलला जातो. अमेरिकेतही फार वेगळं नव्हतं. तिथे पिकअपमागे बोट नाहीतर घरगाडी जोडून फिरायची रीत असल्याने ओढीचा आकडा जाहिरातीचा राजा, पण तो प्रत्येक कंपनी आपापल्या रीतीने काढायची. 2008 मध्ये तिथल्या अभियंत्यांच्या संघटनेने जे 2807 हे समान मानक काढलं. ॲरिझोनातल्या डेव्हिस धरणाजवळचा सुमारे साडेअकरा मैलांचा चढ भर उन्हाळ्याच्या उष्णतेत, वातानुकूलन चालू ठेवून, ठरलेल्या वेगाने चढायचा, शिवाय ब्रेक आणि वळणाच्या परीक्षा द्यायच्या. मानक स्वीकारणारी पहिली कंपनी टोयोटा. त्याआधीच्या छोट्या पिकअपचा आकडा म्हणजे त्या त्या कंपनीचा शब्द. वापरलेल्या गाडीबाबत तर तोही नव्या गाडीचा.

बिलोलीत पंधरा वर्षं चाललेली पिकअप घेणाऱ्याला म्हणूनच दोन कामं करावी लागतात. पहिलं, रिकामी गाडी काट्यावर घ्यायची. आर.सी.वरचं रिकामं वजन शोरूममधून बाहेर पडलेल्या गाडीचं असतं. नंतर तिला लोखंडी जाळी चढते, मागे जाड फाळका, वर कॅरियर, आणि स्प्रिंगचे 'पाटे वाढवून' घेतलेले असतात. समजा कागदावर जी.व्ही.डब्ल्यू. 2,800 आणि रिकामं वजन 1,650. पासिंग 1,150, म्हणजे सिमेंटची 23 पोती. काट्यावर रिकामी गाडी 1,800 भरली तर उरले 1,000, तीन पोती कमी. पाटे वाढवल्याने पासिंग वाढतं ही समजूत सार्वत्रिक आहे आणि साफ खोटी आहे. पाट्याने गाडीची बसकण थांबते, म्हणजे जादा भरलेलं डोळ्यांना दिसेनासं होतं एवढंच. आसाची नळी, बेअरिंग, ड्रम, टायर हे सगळे जुन्याच वजनाचे राहतात, आणि पाट्यांचं वजन पासिंगमधूनच जातं.

दुसरं, मागे काही जोडायचं असेल, मंडपवाल्याचा जनरेटर म्हणा किंवा बोअरवाल्याचा कंप्रेसर, तर आधी टायरच्या कडेवरचा भाराचा आकडा वाचायचा, हूक चॅसिसला बोल्टने धरलाय की बंपरला वेल्ड मारलाय हे खाली वाकून बघायचं, आणि जोडलेल्या गाड्याला स्वतःचे ब्रेक नसतील तर गाडीच्या ब्रेकवर दोघांचं मिळून वजन येणार हे धरूनच हौदा भरायचा. जनरेटर सातशे किलोंचा असेल तर हौद्यातली पोती उतरवावी लागतात, कारण ड्रमचं लायनिंग दोन्हींसाठी एकच आहे.

आठ वर्षांवरची मालगाडी दरवर्षी फिटनेसला जाते. तिथे ब्रेक, दिवे, धूर, स्टिअरिंग पाहतात. गाडी पास झाली की पेंटर जुन्या ओळींवरून नवा रंग फिरवतो, आणि 1,650 हा आकडा पुन्हा ठळक होतो.